आठ महिने बंद असलेला बॉयलर

गॅस कटरवाला सिलिंडर ढकलत लाँड्रीत शिरला. "मावशी, तो जुना बॉयलर कुठाय? आज कापायचाय."

मी हातातला चादरींचा ढीग खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"इंजिनिअरसाहेबांनी."

इंजिनिअरसाहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ. या हॉस्पिटलची लाँड्री मी सांभाळते आणि मागच्या शेडमधलं नवं इंजिन तो. इंजिन आलं तेव्हा त्याने मला भांडी घासता घासता समजावलं होतं, "ताई, वीज करताना इंजिन तापतं. ती उष्णता एरवी हवेत जाते. आता तीच तुझं पाणी तापवणार आणि उरलेली चिलरला, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या गारव्याच्या यंत्राला देऊन ऑपरेशन थिएटर गार करणार. एका इंधनात तीन कामं!" मी आठवडाभर भेटेल त्याला हे ऐकवत होते, जणू इंजिन मीच जोडलंय.

मग नव्या नळाला पाणी आलं, तेही कोमट. कोमट पाण्यात जंतू मरत नाहीत, आंघोळ करून ताजेतवाने होतात.

भाऊ म्हणाला, "दोन महिने सांभाळून घे गं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी त्यांची ऑफिसंही चिलरवर टाकलीत, सगळी उष्णता तिकडेच जाते. काढतो काहीतरी मार्ग. बोभाटा केलास तर माझी नोकरी जाईल."

मी रोज सकाळी जुना बॉयलर पेटवू लागले. डिझेल तोच पाठवायचा, जनरेटरच्या नावावर. दोनाचे आठ महिने झाले. लहानपणी त्याने फोडलेल्या काचाही मीच अंगावर घ्यायचे.

कटरवाल्यामागून नव्या इंजिनाच्या तपासणीचे तिघे आले, आणि भाऊ. अंगात नवा शर्ट, काल मीच इस्त्री करून दिलेला. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

तिघांतल्या मॅडमनी फाइल वाचली. "एकूण कार्यक्षमता ब्याऐंशी टक्के. लाँड्रीला पूर्ण उष्णता. जुना बॉयलर आठ महिने बंद. लाँड्रीची एकही तक्रार नाही."

माझं गप्प बसणं त्याने पुरावा म्हणून जोडलं होतं. चिलरने खाल्लेली उष्णता पुन्हा माझ्याही नावावर दाखवली होती. एकच चादर दोन पलंगांवर!

मी त्याला बाजूला ओढलं. "उद्यापासून मी पाणी कशावर तापवू?"

"बघू गं. आत्ता नको."

"मला सांगितलंही नाहीस."

"सांगितलं असतं तर कापू दिला असतास?"

तेवढ्यात कटरवाल्याने बॉयलरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, हा तर चांगलाच तापलाय!"

सगळे वळले. भाऊ मोठ्याने हसला. "ताईने आज टेस्टिंगला लावला असेल. हो ना, ताई?"

हे 'हो ना' माझ्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षं मी त्याला 'हो' म्हणत आले होते.

"नाही," मी म्हणाले. "रोज लावते. आठ महिने. मॅडम, त्या नव्या नळाखाली हात धरून बघा."

त्यांनी धरला. बराच वेळ धरला. मग हात पुसत म्हणाल्या, "कटर राहू द्या. ही फाइल मी परत तपासते."

भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "परक्यांसमोर, ताई? सख्खी बहीण असून?"

मी चादरींचा ढीग उचलला. बॉयलर गरम होता तोवर तिसऱ्या मजल्याच्या चादरी धुऊन काढायच्या होत्या. तो दाराकडे वळला, तेव्हा शर्टाच्या पाठीवर एक चुणी दिसली. काल माझ्या नजरेतून सुटलेली.