चुकेल त्याने केक आणायचा

चुकेल त्याने केक आणायचा, हा नियम मीच काढला. आल्बोर्ग विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच आठवड्यात आम्हा तिघांना एक खोली मिळाली, लाकडी पूल बांधायचा प्रकल्प मिळाला, आणि गटाचा करार आपणच लिहून भिंतीवर लावायचा होता. शेवटचं कलम माझं. सोल्वाय आणि आस्गर दोघंही खूश. केकला नाही कोण म्हणणार?

पहिल्या महिन्यात आस्गरने तीन केक आणले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "काय रे, आईने बेकरी टाकली की काय?" सोल्वाय खो खो हसली. तोही हसला. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर आस्गर चुकेनासाच झाला. पाच आठवडे केक नाही. आमच्या मार्गदर्शक बिर्थेला मी ऐटीत सांगितलं, "आमच्या गटात आता चुकाच होत नाहीत."

चाचणीच्या दिवशी आमच्या लाकडी पुलावर वजनं चढवत होतो. दोनशे किलो पेलायला हवे होते. एकशेवीसला सोल्वायने जोडाला हात लावला, आणि आस्गर किंचाळला, "हात काढ! तुटतोय!" तिने काढेपर्यंत पूल कोसळला. तिची दोन बोटं मोडली.

बिर्थे तिला दवाखान्यात घेऊन गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"तुला आधीच कसं कळलं?"

"जोडाचं गणित माझं चुकलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी सापडलं."

"आणि तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

त्याने पिशवीतून डबा काढला. आत केक होता.

"आज सांगणारच होतो. गेल्या सोमवारीही आणला होता, त्याच्या आधीच्याही. पण पिशवीला हात घातला की तू मान वर करून बघायचीस. मग वाटायचं, पेलेल पूल. केक घरी नेऊन एकटाच खायचो."

तेवढ्यात बिर्थेचा फोन. "सोल्वाय ठीक आहे. पण झालं काय नेमकं?"

नियम माझा, टोमणे माझे, एवढंच सांगायचं होतं. आस्गर माझ्याकडे बघत होता. मला भयंकर भीती वाटली.

"कळत नाही गं," मी म्हणाले. "लाकूडच खराब असेल."

आस्गरने डब्याला झाकण लावलं.