जास्तीचं पाणी

गॅलरीत सकाळी आलेलं ऊन दुपार टळेपर्यंत हलायचं नाव घेत नसे. त्या उन्हात सात टोपल्या टांगलेल्या होत्या आणि साती टोपल्यांत जिरेनियमची फुलझाडं. निवृत्तीनंतर मास्तरांची शाळा ती एवढीच. पटावर विद्यार्थिनीही एकच, नऊ वर्षांची नात. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून ते तिला मुंगी म्हणत.

"बोट खुपस. दुसऱ्या पेरापर्यंत. काय लागतंय?"

"ओलं."

"मग?"

"मग झारीला हात लावायचा नाही. मुळं कुजतात."

"शाब्बास!"

त्या उन्हाळ्यात घर विकायचं ठरलं. मुलाची बदली झाली होती. घर मास्तरांनी घेतलेलं, पण "नुसती सही हो, बाबा," म्हणत तीन वर्षांपूर्वी ते मुलाच्या नावावर झालं होतं. नवं घर लहान, तेव्हा मास्तरांनी धाकट्या मुलाकडे जायचं. तिथे त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली होती. तिच्या खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागे.

दलाल घर बघायला आला. स्वयंपाकघर बघून त्याने नाक मुरडलं, बाथरूम बघून मान हलवली. गॅलरीत आल्यावर मात्र त्याची कळी खुलली. "वा! गिऱ्हाईक आलं की आधी इथे आणायचं. ही फुलं असली तर घर विकलंच म्हणून समजा. महिन्याभरात एक जोडपं आणतो. तेही नाही जमलं, तर मग अवघड आहे बरं का."

"बाबा, फुलांकडे जरा लक्ष द्या हं," सूनबाई म्हणाल्या. "आता सगळं तुमच्या हातात."

सगळं हातात होतं खरं. घर विकलं गेलं नाही तर मुलगा एकटा बदलीच्या गावी राहील, सुट्टीला येईल. बाकी सगळं आहे तिथेच राहील. मास्तरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी, मुंगी शाळेत गेल्यावर, त्यांनी ओल्या मातीत झारीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं.

आठवड्याने पानं पिवळी पडली. मुंगी स्टुलावर चढली आणि ओरडली, "आजोबा, चिखल झालाय नुसता! कोणीतरी चोरून पाणी घालतंय."

"असं?"

"आईच असणार. तिच्या हातून तर प्लास्टिकची फुलंसुद्धा मरतील."

"ऐकू येतंय हो मला!" आतून सूनबाईंचा आवाज आला.

मग मुंगीने पदर खोचावा तसा फ्रॉक खोचला. एकेक टोपली खाली उतरवली, कुजलेली मुळं कापली, कोरड्या मातीत वाळू मिसळली, पिवळी पानं खुडली. झारी आपल्या पलंगाखाली लपवून ठेवली. दर वेळी ती वळून विचारी, "बरोबर ना?" स्टूल धरून उभे असलेले मास्तर म्हणत, "बरोबर." बरोबर उत्तराला चूक म्हणणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

महिना संपता संपता टोपल्या अशा फुलल्या की रस्त्यावरची माणसं वर बघू लागली.

जोडपं आलं. बाई गॅलरीत आल्या त्या तिथेच थांबल्या. "अहो, हेच घर," त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं. त्याने अजून बाथरूमही बघितलं नव्हतं. "टोपल्या इथेच राहतील ना?"

"राहतील की," सूनबाई म्हणाल्या. "बाबा जाणार तिथे ऊन आहे कुठे?"

बाई मास्तरांकडे वळल्या. "आजोबा, पाणी किती घालायचं हो यांना?"

"रोज घाला," मास्तर म्हणाले. "दोन्ही वेळा. भरपूर."

"आजोबा!" मुंगीचे डोळे मोठे झाले. "असं काय सांगताय? मुळं कुजतील ना! मागे नाही का..."

बोलता बोलता ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. गणित सुटत आलं की मुलांच्या कपाळावर पडते तशीच. मास्तरांनी ती आयुष्यभर पाहिली होती. उत्तर यायला आता जेमतेम एक पायरी उरली होती.

"अरे हो!" त्यांनी घाईघाईने कपाळावर हात मारून घेतला. "चुकलंच. हल्ली मला काही लक्षातच राहत नाही बघ."

सगळे हसले. मुंगीची आठी विरली. "तरीच! म्हणजे तुम्हीच पाणी घालून विसरत होता आणि पुन्हा घालत होता! आणि मी उगीच आईवर आळ घेतला."

"हो गं. तसंच झालं असणार."

तिने त्यांचा हात थोपटला. मग बाईंना स्टुलाजवळ नेऊन ती समजावू लागली, "हे बघा काकू, आधी माती बघायची..."

मागे सूनबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "धाकट्या भावजींना आजच सांगून ठेवा. यांना आता खोलीत एकटं सोडून चालायचं नाही. बाहेरून कडी लावलेली बरी."

मास्तरांना सगळं ऐकू गेलं. कान त्यांचे अजून उत्तम होते.