चिकटवलेली नदी

दुपारच्या जेवणानंतर आमच्या चित्रपुस्तकांच्या खोलीत पाणी भरतं. म्हणजे पडदे निळे आहेत, आणि उन्हं कलली की तो निळा रंग हळूहळू चटईवर उतरतो, कपाटांवर चढतो, पालथ्या पडलेल्या पोरांच्या तळपायांवर हलत राहतो. त्या वेळी मी आवाज खाली आणून वाचते. एरवी माझं तोंड फटकळ आहे, हे अख्ख्या वाचनालयाला ठाऊक आहे.

इथे मी एक नियम घालून दिलाय. कुठल्याही मुलाला ‘तुला काय होतंय’ असं विचारायचं नाही. चार वर्षांच्या जिवाला ते सांगता आलं असतं, तर त्यानं जमिनीवर लोळण कशाला घेतली असती? चित्रावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘याला काय झालंय?’ मग रागावलेल्या गेंड्याबद्दल बोलता बोलता पोरगं आपल्या घरातलं सगळं सांगून मोकळं होतं.

खारू मात्र बोलत नव्हती. खारू म्हणजे आमच्या बाइंडरची मुलगी. तिचे वडील मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवतात, म्हणून ती दिवसभर माझ्याकडे. तिची आई आजारपणात गेली. तेव्हापासून ही ना रडली, ना तिनं आईचं नाव काढलं. येणारी-जाणारी माणसं कौतुक करायची, "किती समंजस आहे हो!" ते ऐकलं की माझा पारा चढायचा. एवढ्याशा पोरीला कसला आलाय समंजसपणा! ती आतल्या आत मिटत चालली होती, आणि एक दिवस पुरती मिटून जाईल, अशी मला भीती वाटत होती.

ती रोज एकच पुस्तक घेऊन यायची, पाणमांजराचं. पिल्लाची आई दिसेनाशी होते, पिल्लू तिला शोध शोध शोधतं, आणि मग येते ती नदी. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर नुसतं पाणीच पाणी, आणि एका कोपऱ्यात रडणारं इवलंसं पिल्लू. त्याच्या पुढच्या पानावर बाबा पाणमांजर येतो. दोघं पाण्यावर उताणी होऊन, पंजात पंजा धरून झोपतात, म्हणजे झोपेत कुणी वाहून जायला नको. नदी आली की खारू पिल्लाच्या तोंडावर आपला तळहात ठेवायची.

"याला काय झालंय?" मी विचारायची. ती नुसती मान हलवायची आणि पान उलटायची. पण अलीकडे तिची बोटं जराशी फाकायला लागली होती. मधून पिल्लाचा एक डोळा दिसायचा. मी वाट पाहत होते.

तेवढ्यात पुस्तकाची शिवण उसवली आणि ते बाइंडरकडे गेलं.

परत आलं ते अगदी नव्यासारखं. दुपारी वाचायला घेतलं. पिल्लू शोधतंय, शोधतंय, आणि पान उलटलं तर एकदम पंजात पंजा! बाकीच्या पोरांना पत्ताही लागला नाही, निम्मी तर पेंगतच होती. खारू उठून बसली. तिनं ते पान चिमटीत धरलं. जाड लागलं. मग दारावर टकटक करावी तशी तिनं पानावर टकटक केली आणि कान लावला.

"मावशी, ते आत आहे," ती म्हणाली.

मी पुस्तक उजेडात धरलं. नदीची दोन पानं एकमेकांवर चिकटवलेली होती, कडा इतक्या सफाईनं जुळवलेल्या की चुकून झालं म्हणायची सोय नव्हती. मी तडक मागच्या खोलीत गेले. खारू माझं बोट धरून मागोमाग.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

बाइंडर मैद्याची खळ ढवळत होता. त्यानं मान वर केली नाही. "मुद्दाम केलंय, ताई. रोज त्याच पानाशी अडते ती. दाराच्या काचेतून बघतो ना मी. म्हटलं, नकोच तिला ते. एवढं तरी माझ्या हातात आहे."

पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपतो तो, दिसत होतं मला. म्हणून काही मी गप्प बसणार नव्हते. "पुस्तकातलं चिकटवलंत. पोरीच्या पोटातलं कशानं चिकटवणार?"

"बाबा, तिथे अंधार आहे!" खारू ओरडली. "ते एकटं आहे! काढ ना त्याला!" तिचा एवढा मोठा आवाज आम्ही दोघांनीही कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

त्यानं किटली शेगडीवर ठेवली. वाफ निघायला लागली, तसं पुस्तक तिच्यावर धरलं. वाफेत दोऱ्याची रिळं दिसेनाशी झाली, दाबयंत्र विरघळलं, भिंती दूर गेल्या. पांढऱ्या धुक्यात आम्ही तिघंच उरलो, कुठल्या तरी काठावर उभी. त्यानं पातळ पट्टी पानांच्या मध्ये घातली आणि श्वास रोखून सरकवत नेली. नदी उघडली. ओली, थोडी सुरकुतलेली, रंग जरा फुटलेला. पिल्लू कोपऱ्यात होतं तिथेच होतं.

या वेळी खारूनं तळहात ठेवला नाही.

"याला काय झालंय?" मी अगदी हळू विचारलं.

"त्याला आई हवीये." ती थांबली. "मला पण हवीये."

आणि ती रडली. तोंड उघडं टाकून, नाक वाहू देत, चार वर्षांच्या पोरीनं रडावं तशी रडली. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. फार बरं वाटत होतं मला.

बाइंडरनं खळीनं माखलेले दोन्ही हात तोंडावर घेतले होते. खारूला हुंदका देता देता ते दिसलं. ती त्याच्याजवळ गेली, त्याला हाताला धरून खाली बसवलं, आणि तोंडावरची त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग पुस्तकातल्या चित्राकडे बघावं तशी त्याच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला विचारावंच लागलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "याला पण माझी आई हवीये."