खातेदार फोनवर हवा

विठ्ठलरावांना जाऊन सहा दिवस झाले होते आणि त्यांची एकुलती एक लेक गीता सकाळपासून गच्चीवर, कोरड्या टाकीच्या सावलीत, फोन कानाला लावून बसली होती. तेलगावच्या त्या घरात रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची.

परवा तिचं टोरांटोला परतीचं विमान होतं आणि दहावा त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिकीट वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, विमानप्रवासात साठलेल्या मैलांवर काढलेलं. आप्पा आधी गावच्या सोसायटीचे चेअरमन, पुढे कारखान्याचे संचालक. बैठकांसाठी दिल्लीच्या वाऱ्या करून आप्पांनी मैल साठवले होते आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्यातून लेकीला बोलावून घेतलं होतं. नवं तिकीट तिला सहज घेता आलं असतं. पण आप्पांच्या हातचं हे शेवटचं काम तिला वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

चौथ्या वेळी फोन लागला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तारीख बदलेल, पण मैल ज्यांचे त्यांनी स्वतः सांगायला हवं. त्यांना फोन देता का?

"ते आत्ता घरी नाहीत," गीताच्या तोंडून निघून गेलं. स्वतःवरच चिडून तिनं फोन बंद केला.

जिन्यात चुलते आश्रुबा आणि सोसायटीचा गटसचिव त्रिंबक उभे होते.

"बरं केलं, खरं न्हाई सांगितलं," त्रिंबक म्हणाला. "एकदा मयत नोंदली की खातं गोठतंय. तिकिटाचं मग काय हुईल, कुणाला ठाव."

"मग काय करायचं?"

"सोसायटीत करतो तेच. आपल्या यादीत साठ-सत्तर मयत सभासद हायत ताई. दर निवडणुकीला येतेत, मत टाकून जातेत. कुणाची तक्रार न्हाई."

गीताला ते माहीत होतं. कॉलेजात असताना याच यादीवरून ती आप्पांशी महिनाभर बोलली नव्हती. आप्पा एवढंच म्हणायचे, मेलेली माणसं इमानी असतेत.

"कावून एवढा इचार करती?" आश्रुबांनी हात पुढं केला. "आण तो फोन."

नको म्हणता म्हणता तिनं नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन दिला.

"हां, मैं विठ्ठलराव बोलता," आश्रुबा छाती काढून म्हणाले.

मुलीनं जन्मतारीख विचारली. आश्रुबा मात्र अडखळले नाहीत. "एक जून," आणि भावाचं साल. गावच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांची एक जूनच लावली होती. दोघा भावांचीही.

"तारीख क्यूँ बदलनी है सर?"

"घर में मयत हुई."

"ओह. कौन, सर?"

त्रिंबक खाणाखुणा करू लागला. आश्रुबा पाठ करून टाकीकडं वळले.

"मेरा भाई," ते म्हणाले. "बडा भाई." आणि पुढं त्यांना बोलता येईना.

सहा दिवसांत ते रडलेले तिनं पाहिले नव्हते. फोन घेऊन तिनं चौदाव्याच्या पुढची तारीख मागितली. मुलगी हलक्या आवाजात सांगत होती, विठ्ठलरावजींना म्हणावं धीर धरा, त्या तारखेची एक जागा आहे, ती दिली. गीतानं आभार मानले. त्या मुलीला खरं सांगावं की तिची माफी मागावी, काहीच न सुचून ती खाली उतरली.

रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"चौदाव्यापर्यंत आहे मी, आई."

"झालं का तिकिटाचं? कुणी केलं?"

"आप्पांनीच," गीता म्हणाली.

आईनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. "मग टँकरवाल्या मुंजाजीला आत्ताच सांगून ठेव. चौदाव्याला पाण्याच्या दोन खेपा लागतेल."