सर्वरोगहारी लेबलाखालचा मी

मी एक जुना अर्क आहे. संत्र्याच्या सालीचा. हे वाचून तुमच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं असेल, तर ते आधी पुसून टाका. त्या कौतुकानंच माझं वाटोळं केलं.

मित्रांनो (असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, आपली मैत्री नाही), शास्त्रात मला लिमोनीन म्हणतात. टर्पीन नावाचं आमचं मोठं खानदान आहे. पाइनचा चीक, पुदिन्याचं पान, लिंबाची साल, जिथे झाडाला वास आहे तिथे बहुधा आमच्यातलं कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं. तुम्हाला वाटतं, तुमचं मन प्रसन्न करायला. सालीवरच्या बारीक ठिपक्यांत झाडानं मला भरून ठेवलं ते किड्यांनी फळाला तोंड लावू नये म्हणून. मी मुळात पहारेकरी. अंगावर धावून जाणं हा माझा पिंड, आणि तुम्ही मला उशीवर शिंपडता.

रसाच्या कारखान्यात रसाचा मान मोठा, साली ढिगात. त्या ढिगातून पिळून मला काढलं, तपकिरी काचेच्या बाटलीत भरलं आणि जुन्या फर्निचरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात धाडलं. दुकान दोन बहिणींचं. थोरली, म्हणजे ताई, लाकूड घासायची आणि लाखेचं पॉलिश चढवायची. धाकटी गिऱ्हाइकांशी बोलायची, आणि गिऱ्हाईक नसलं की ताईला शहाणपण शिकवायची. गिऱ्हाइकं कमीच यायची.

माझं काम चिकटा काढणं. पोरांनी टेबलावर डकवलेले स्टिकर, सेलोटेपचे पिवळे पट्टे, खुर्चीच्या हातावर साचलेला तेलकट मळ. ताई चिंधीवर माझे दोन थेंब घ्यायची, "चल, नीघ आता," असं त्या डिंकाला दटावायची, आणि डिंक निघायचा. लगेच ती माझं झाकण घट्ट लावायची आणि हात साबणानं धुवायची. स्तुती करायची नाही. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेला तेवढाच खरा मान.

मग धाकटीनं मोबाइलवर माझ्याविषयी वाचलं.

"ताई, हे बघ. दाह कमी करतं. चिंता कमी करतं. पचन सुधारतं. आणि आपण यानं गोंद पुसतोय."

"कुणाचा दाह कमी झाला?"

"प्रयोग झालेत. उंदरांवर."

"मग उंदराला चोळ."

ताईचं बरोबर होतं. माझ्या गुणांवर अभ्यास चालू आहेत, काही आशा वाटावी असे आहेत, हे मीही नाकारत नाही. पण प्रयोगशाळेत मोजून-मापून दिलेला मी वेगळा आणि कपाटातून कुणाच्याही अंगाला फासलेला मी वेगळा. एवढं वाचायला धाकटीला वेळ नव्हता. तिनं मला दुकानाच्या फळीवरून उचललं, घरी नेलं, औषधांच्या कपाटात खोकल्याच्या बाटलीशेजारी बसवलं आणि माझ्या पोटावर एक गुलाबी लेबल चिकटवलं: 'सर्वरोगहारी'. वर, खोलीत सुगंध दरवळावा म्हणून माझं झाकण उघडं ठेवलं.

इथे जरा कान देऊन ऐका. हवा लागली की मी बिघडतो. ताजा असतो तेव्हा कातडीशी माझं सहसा जमून जातं. महिनोन् महिने उघड्यावर पडलो की माझ्यात नवी द्रव्यं तयार होतात आणि ती चावतात. वास मात्र बराचसा तसाच राहतो, म्हणून तुम्ही फसता.

पॉलिशचा बोळा फिरवून ताईची बोटं आखडायची. मी काही महिने असा उघडा राहिल्यावर, रोज संध्याकाळी धाकटी तिचे हात मांडीवर घेऊन मला चोळू लागली. ताईनं आधी नाही म्हटलं, पण दिवसभर राबलेल्या माणसाचे हात कुणी चेपत असेल तर तो किती भांडणार? काही दिवसांनी खाज सुटली. मग पुरळ. मग बोटांच्या पेरांना भेगा. जितकी खाज वाढली तितकी धाकटीनं माझी मात्रा वाढवली.

"हे पॉलिशचं विष बाहेर पडतंय," ती म्हणाली. "तुला किती वेळा सांगितलं, सोड तो धंदा."

"सोडून काय करू?"

"सुगंधी तेलांचं दुकान काढू. जागा तीच, पाटी बदलायची."

दुकानात एक शिसवी कपाट अर्धं पॉलिश होऊन उभं होतं. ती त्याच्याकडे जाऊन नुसती बघून यायची, हात पाठीमागे बांधून.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भेगा पाहिल्या आणि त्यांचाही संशय पॉलिशवरच गेला. "तसं निघालं तर हे काम कायमचं सोडावं लागेल," त्या म्हणाल्या. "कामात हाताला जे जे लागतं ते सगळं आणा. पाठीवर थोडं थोडं लावून बघू."

धाकटीनं पिशवी भरली. लाख, स्पिरिट, सरस, मेण, घासकागदाचा तुकडासुद्धा. कपाटातल्या माझ्यासमोरून ती दोनदा गेली. मला घेतलं नाही. मी आता कामाची वस्तू राहिलो नव्हतो, मला बढती मिळाली होती.

ताईच्या पाठीवर पट्ट्या लागल्या आणि निघाल्या. पाठ कोरी. पुढचं दवाखान्यात घडलं. घरी येऊन दोघी त्यावरून इतक्या भांडल्या की मला शब्द न् शब्द कळला. डॉक्टरीणबाई ताईच्या हातावर वाकल्या आणि थबकल्या.

"संत्रं सोलून आलात का?"

"नाही," ताई म्हणाली.

"ते औषध आहे," धाकटी म्हणाली. "कामात लागतं ते आणा म्हणालात. हे कामाचं नाही."

"किती जुनं?"

धाकटीनं निघायला पिशवी उचलली. ताई तिच्याकडे वळली. "आता सांग की. एरवी उंदरांपर्यंतचं सगळं सांगतेस."

दुसऱ्या फेरीत मी गेलो. जिथे मला लावलं तिथे ताईच्या पाठीवर लालभडक टिकली उमटली. पॉलिश निर्दोष सुटलं. माझ्यापासून दूर राहायचं, मलम लावायचं, भेगा भरल्या की काम चालू. निकाल ऐकून ताई म्हणे खुर्चीवर बसल्या बसल्या हसली, आणि मग धाकटीशी महिनाभर बोलली नाही.

मला पुन्हा दुकानात आणलं. शिसवी कपाट पूर्ण झालं होतं आणि ताईची बोटं बोळ्याभोवती नीट मिटत होती. धाकटी कोपऱ्यात माझं लेबल नखानं खरवडत होती. ते निघेना.

"हातमोजे घाल," ताई पाठमोरी म्हणाली. त्या महिन्यातलं पहिलं वाक्य.

"घातलेत."

"मग दोन थेंब घे. त्याचंच काम आहे ते."

धाकटीनं चिंधीवर माझे दोन थेंब घेतले आणि 'सर्वरोगहारी' पुसलं. गोंद मुकाट्यानं सुटला. तिनं झाकण लावलं, जोर करून पिळलं आणि मला फळीवर ठेवलं.

तर मित्रांनो, मला थंड जागी, अंधारात, घट्ट बंद ठेवा. बाटली कधी उघडली ते तिच्यावर लिहा. जुना झालो तर माझा वास घेऊन भुलू नका. आणि माझ्यावर माया तर मुळीच करू नका. तुमची माया झाकण उघडं ठेवते.