ढगानं खाल्लेलं डोकं

"दिसला! दिसला! माह्या बापा, दिसला!"

मारुतीच्या पारापुढे अख्खं गाव माना वर करून उभं होतं, पाणी पिणाऱ्या कोंबड्यांसारखं. आकाशात ज्याला त्याला आपापला पांढराशुभ्र आत्मा दिसत होता आणि तो दाखवत होता सावलीबाबा. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. चिखलीहून एस.टी. नुकतीच आमच्या गावापर्यंत यायला लागली होती. त्याच एस.टी.नं हा बाबाही आला.

त्यानं पारापुढची जागा पांढऱ्या मातीनं सारवून घेतली होती आणि पलीकडे आपली काळी घोंगडी अंथरली होती. सकाळच्या उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, समोर पडलेल्या आपल्याच सावलीच्या गळ्याकडे टक लावून पाहायचं.

"पापणी लवू देऊ नको, माय! पापणी लवली का आत्मा सटकते! पाह्य... पाह्य... आता वर पाह्य! दिसला तुहा आत्मा?"

"हाव महाराज!"

"डोकं हाय का त्याले?"

डोकं असलं तर शंभरी. नसलं तर सहा महिने.

माझी कोकिळाकाकू उभी राहिली, तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "डोकं नाही दिसत. मानेवर नुसता ढग हाय."

"ढगानं डोकं खाल्लं, माय!" बाबानं छाती पिटली. उपाय अर्थात होताच. गळ्यातली सोन्याची पोत पूजेत सोडायची.

किसनकाका घाबरले. "देऊन टाक न बाई."

"नाही. पोत मंजीची हाय, तिच्या लग्नाची. मी मेली तं मेली."

मंजी तिची लेक. नुकती दुडदुडायला लागलेली. काकू रडली नाही, तिनं बेत केला. नांदुऱ्याच्या अन्नपूर्णाआत्याला मूलबाळ नव्हतं. काकू मंजीला घेऊन तिथं गेली, काही दिवस राहिली आणि रोज लेकीला शिकवलं, "मले नाही, हिले आई म्हण." मग एकटीच परतली.

"काऊन असं केलं, काकू?" मी विचारलं.

"आताच विसरली तं मंग रडणार नाही, सिंधे."

त्यानंतर ती नांदुऱ्याला फिरकली नाही. नावापुरतं जेवायची. महिने मोजत बसायची.

मी तेव्हा चिखलीच्या शाळेत नववीत होते. एके दिवशी गणिताला कंटाळून मी काळ्या फळ्याकडे नुसती टक लावून बसले आणि मग चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं एक लख्ख पांढरा फळा! मी उडालेच. फळ्याचाही आत्मा? फळ्याला कोणतं मरण येणार होतं?

मी विचारलं तसे गणिताचे महादेवराव सर हसले. "अगं, काळ्याकडे एकटक पाहिलं की डोळ्याचा तेवढा भाग विसावतो. बाकीचा उजेडानं थकतो. मग नजर हलवली की काळं होतं तिथं पांढरं दिसतं. ते भिंतीवर नसतं, तुझ्या डोळ्यात असतं."

आणि डोकं? ते कुठं जातं? एस.टी.त बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, आणि मी इतक्या जोरानं "घोंगडी!" ओरडले की कंडक्टर दचकला.

बाबाचा मुक्काम अजून गावातच होता. रविवारी सकाळी मी पारापुढे उभी राहिले. माझ्या गळ्यात काचेचे मणी.

"मांगं सर, पोरी," बाबा म्हणाला. मी पाहिलं. डोकं होतं. मग मी एक पाऊल पुढं गेले. सावलीचं डोकं काळ्या घोंगडीवर पडलं आणि तिच्या काळ्यात हरवून गेलं. वर पाहिलं तर मानेवर ढग, म्हणजे घोंगडीचंच पांढरं!

"महाराज, एका पावलात माह्ये शंभर वर्सं गेले काय?"

लोक हसले. मी घोंगडी धरली.

"हात लावू नको! भस्म होशील!"

झाले नाही. घोंगडी ओढली, तिथंच उभी राहून पुन्हा पाहिलं, डोकं परत! मग एकेक जण करून पाहू लागला, आणि गर्दीतली पुष्पाबाई मोठ्यानं म्हणाली, "मले तं यानंच म्हटलं होतं, एक पाऊल पुढं ये, माय. माह्या गळ्यात बोरमाळ होती!" ज्याच्या अंगावर सोनं, तो पुढं. बाबा कधी सटकला ते कळलंच नाही.

मी धावत जाऊन काकूला आणलं. तिनं पाहिलं. आपल्याच मानेवर हात फिरवला. "मंजी," एवढंच म्हणाली.

आम्ही नांदुऱ्याला पोचलो तेव्हा मंजी आत्याच्या कडेवर तिच्या पदराशी खेळत होती. काकूनं हात पसरले. मंजी आत्याच्या मानेत तोंड खुपसून किंचाळली, "आई!" आत्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. आत्या रडत होती, काकूही. कोणाला दोष द्यायचा?

परतीच्या गाडीत मंजी खिडकीकडे झेपावत "आई, आई" करत राहिली. पुढच्या बाकावरची म्हातारी वळली.

"लेकरू आईसाठी रडून राह्यलं, बाई. कुठी हाय याची आई?"

"मीच हो," काकू म्हणाली.

आकाशातलं ते पांढरं काकूला खरंच दिसलं होतं. डोळ्यांनी लबाडी केली नाही. दिसलं त्याचा अर्थ मात्र दुसऱ्यानं सांगितला, आणि आम्ही तो मुकाट्यानं घेतला. तुम्हालाही काही नवल दिसलं तर जरूर पाहा. जागा बदलून पाहा, ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. आणि लवकर विचारा. मंजी पुढं काकूच्या कुशीत झोपायला लागली, पण तिला अजूनही काकूच म्हणते. माझं ऐकून.