चौरंगावर चढलेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. सागवानी, चार पायांचा, आणि एका पायाला कीड लागल्यामुळे थोडा कलता. सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात माझं आयुष्य गेलं. श्रावणात मी मारुतीच्या देवळात असतो, एरवी कुंडलिकदादांच्या घरात. जुनी वस्तू बोलू लागली की तुम्हाला वाटतं, आता ही गोड आठवणी सांगणार. माझ्याकडे तशाही आहेत, पण आज त्या सांगायची इच्छा नाही.

याच डोंगरातल्या सागापासून मला घडवलं. कुंडलिकदादांच्या वडिलांनी सुताराला घरी बोलावलं, त्याच्या पुढ्यात बसून मला करून घेतलं आणि देवळाला अर्पण केलं. हात आखडून वागणारा हा माणूस एकाएकी इतका उदार कसा झाला, याचं गावाला नवल वाटलं. मलाही वाटलं होतं. त्याचं उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळालं. मिळालं नसतं तर मी सुखात किडलो असतो.

माझं काम एकच होतं, पोथी पेलायची. श्रावण लागला की मला ओल्या फडक्यानं घासूनपुसून देवळात नेत, माझ्यावर लाल कापड अंथरत आणि त्यावर पोथी ठेवत. माझ्यावर जे चढेल ते देवाचं, अशी गावाची समजूत होती. म्हणून मला पाय लागला तर मुलं कान पकडून नमस्कार करत. श्रावण सरला की मात्र माझ्यावर कांद्याची टोपली येई. मानाचं आयुष्य हे असं असतं.

पोथी वाचायचे कुंडलिकदादा. आवाज खणखणीत, मन लावून वाचणार. पोथीतलं कुठल्या साली घडलं, हे तिला कोणी विचारत नसे. मनाला लागलेलं घेऊन माणसं येत, ऐकत, आणि थोडी हलकी होऊन घरी जात. ती तिचं काम चोख करत होती. एका वर्षी नवी पोथी आणली, तर छापखान्यानं तिच्यात एक ओवी गाळलेली निघाली. दादांनी सगळ्यांसमोर पेन मागवलं आणि ती ओवी समासात लिहून टाकली. गाव खूश झालं. आणि रोज वाचन संपलं की दादा हात जोडून म्हणत, "देवा, माझ्या तोंडून काय चुकलं-माकलं असंल तर पदरात घे." ते ऐकताना माझा ऊर भरून यायचा. असा वाचणारा आपल्याला लाभला म्हणून मी फुशारलो होतो.

मग एकोणीसशे चौऱ्याण्णव साल आलं. गावच्या शाळेत रवींद्र गुरुजी होते, किन्हवलीकडचे. त्यांनी हौसेनं गावाचा इतिहास लिहिला आणि शहापूरला जाऊन छापून आणला. चांगला माणूस होता. फक्त खालच्या आळीतल्या ओट्यांवर बसून म्हाताऱ्यांकडून जे ऐकलं, तेवढंच त्यानं लिहिलं. वरच्या वाडीची चढण काही तो चढला नाही. गुडघे दुखत होते म्हणे.

त्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक हकिकत होती. तेव्हा सरकारची माणसं लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली म्हणून घराघरातून भात उचलून नेत. पोरांच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून गावानं थोडं भात डोंगरातल्या एका कपारीत लपवलं. राखणीला वरच्या वाडीतला कमळू होता. पण फौजदाराला कपार सापडली, भात गेलं, आणि त्या वर्षी गावानं कंदमुळं उकडून खाल्ली. पुस्तकात वाक्य होतं : "कमळूने फितुरी केली व गावाचे भात गेले."

पुस्तकाचं प्रकाशन श्रावणातल्या समाप्तीलाच ठरलं. कोणीतरी म्हणालं, पुस्तक जमिनीवर कसं ठेवायचं? ठेवा चौरंगावर. झालं. पोथीच्या शेजारी ते माझ्यावर चढलं. त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आरती ओवाळली. दादांनी त्याच खणखणीत आवाजात ते वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी पुन्हा वाचलं. मग दर समाप्तीला वाचायचा पायंडाच पडला. पोथी आणि पुस्तक या दोघांचं वजन मला सारखंच वाटत होतं. लाकडाला काय कळतंय म्हणा. पण माणसांनाही कळू नये?

देवळाच्या पायरीवर भागी बसायची. कमळूची लेक. ती वर्षानुवर्षं तिथं बसून पोथी ऐकत आली होती. त्या पहिल्या दिवशी वाक्य कानावर पडलं तेव्हा तिनं हातातली फुलं खाली ठेवली. तिच्या बापाच्या तळपायांवर फौजदारानं छड्या ओढल्या होत्या. तो मरेपर्यंत लंगडला, पण कपार कुठं आहे ते बोलला नाही. हे तिनं घरात पाहिलं होतं. आता तिची नात अपेक्षा शाळेत जाऊ लागली, तर पोरं तिला 'फितुराची पणती' म्हणून हाका मारत. पुस्तकातलं म्हटल्यावर मास्तर तरी कोणाला रागावणार!

एकदा दादांच्या म्हाताऱ्या आईनं, धोंडीबाईनं, लेकाला जवळ बोलावलं. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"कुंडल्या, खोटं वाचतोस रे," म्हातारी म्हणाली. "कपार तुझ्या बापानं दाखवली. फौजदारानं नुसता दम दिला, तर हा पुढं होऊन चालाय लागला. कमळूनं मार खाल्ला नि तोंड नाय उघडलं. मग तुझ्या बापाला झोप येईना, म्हणून देवाला ह्यो चौरंग दिला."

मित्रांनो, माझ्या जन्माची कथा मला अशी कळली. मला भक्तीनं नव्हे, भीतीनं घडवलं होतं.

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आये, आता काय करू? चौरंगावर चढलंय ते. आरती झालीय. आता कसं खोडू?"

"पोथीत ओवी लिवलीस ना पेनानं?"

"ती देवाची व्हती. ही आपल्या घराची हाय."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच हिवाळ्यात ती गेली, आणि कपार कोणी दाखवली हे माहीत असलेले आम्ही दोघंच उरलो, दादा आणि मी. मला तोंड नव्हतं. दादांना होतं.

भागी शेवटी गुरुजींकडे गेली. गुरुजींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं, कारण तो देवळात सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, "हे पुस्तक म्हणजे पोथी नाही. मी ऐकून लिहिलं, माझं चुकलं असेल. चुकलं तर बदलायचं, त्यालाच इतिहास म्हणतात." मग तो दादांकडे वळला. "कुंडलिकदादा, कमळूचं मला तुम्हीच सांगितलं होतंत. तुमची खात्री आहे?"

दादांनी माझ्यावर हात ठेवला.

"बापाकडून ऐकलं तेच सांगितलं," ते म्हणाले.

शब्द न् शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकं खोटं वागता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो. लोकही भडकले. "चौरंगावर वाचलेलं कधी बदलत्यात काय, गुरुजी? उद्या पोथी पण बदलाल!" गुरुजींची पुढं बदली झाली. भागी मात्र दर श्रावणात पायरीवर येत राहिली. बापाचं नाव कधीतरी धुऊन निघेल, या आशेवर ती म्हातारी होत गेली.

दादांची नजर मंद झाली तेव्हा दोन हजार सहा साल उजाडलं होतं. वाचणारी तरणी पोरं कामाधंद्याला कल्याण-भिवंडीकडे गेली होती. दादांनी स्वतःच वरच्या वाडीत भागीला निरोप धाडला, अपेक्षाला वाचायला पाठव म्हणून. पोरगी दहावी पास झालेली, वाचन स्वच्छ. दादांच्या मनात काय होतं कोण जाणे. जे स्वतःला जमलं नाही ते त्या पोरीकडून होईल, असं वाटलं असेल.

समाप्तीच्या दिवशी अपेक्षा माझ्यासमोर बसली. पोथीचा शेवटचा अध्याय तिनं इतका सुंदर वाचला की बायका डोळे पुसू लागल्या. मग तिनं इतिहासाचं पुस्तक उघडलं. कपारीची हकिकत आली. त्या वाक्यापाशी ती थांबली, एकदा पायरीवरच्या आजीकडे पाहिलं, आणि वाक्य सोडून पुढचं वाचू लागली.

क्षणभर मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पुढं बसलेली बारकी पोरं एका सुरात म्हणाली, "कमळूने फितुरी केली व गावाचे भात गेले!"

दर वर्षी ऐकून त्यांना ते पाठ झालं होतं. गावाला केवढं कौतुक वाटलं. "पोरांना बघा कसं मुखोद्गत हाय," कोणीतरी म्हणालं. अपेक्षाचं बोट पुस्तकावर तसंच राहिलं. पुढचं वाक्य तिला वाचवेना.

दादांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. "देवा, काय चुकलं-माकलं असंल तर पदरात घे."

भागी पायरीवरून उठली. काठी टेकत आत आली आणि दादांसमोर उभी राहिली.

"कुंडलिकदादा, देवाची माफी कशाला मागताय? देवाचं काय गेलंय? मी हितं बसलीय ना इतकी वर्सं."

दादा जोडलेले हात सोडायचे विसरून गेले. भागीनं नातीला उठवलं आणि दोघी वाडीची चढण चढू लागल्या. त्यानंतर ती पायरी रिकामी आहे.

मित्रांनो, आता माझा पाय कधीही निखळेल. त्याचं मला दुःख नाही. एवढंच मागतो. पोथी माझ्यावर खुशाल ठेवा, तिच्यापुढं डोकं टेकवा, तिला ते शोभतं. इतिहासाचं पुस्तक मात्र माझ्यावर चढवू नका. ते मांडीवर घ्या, हातात पेन्सिल धरा, आणि वाचताना एकदा पायरीकडे बघा. तिथं कोणीतरी बसलेलं असतं.